मॅटिल्डा स्मिथ आणि वनस्पतिचित्रकाराचे काम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लंडनजवळच्या क्यू येथील रॉयल बोटॅनिक गार्डन्ससाठी चार दशकांहून अधिक काळ वनस्पतींची शास्त्रीय चित्रे काढणाऱ्या मॅटिल्डा स्मिथ यांचे आयुष्य, त्यांची कारकीर्द आणि त्यांच्या कामाची पद्धत यांविषयी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. वनस्पतिशास्त्राचे शिक्षण न घेतलेल्या वाचकालाही ती समजावीत, या बेताने लिहिली आहेत.

मॅटिल्डा स्मिथ कोण होत्या?

मॅटिल्डा स्मिथ या ब्रिटिश वनस्पतिचित्रकार होत्या. त्यांचा जन्म ३० जुलै १८५४ रोजी झाला आणि २९ डिसेंबर १९२६ रोजी त्यांचे निधन झाले. १८७८ मध्ये ‘कर्टिसेस बोटॅनिकल मॅगझिन’ या नियतकालिकात त्यांचे पहिले चित्र प्रसिद्ध झाले आणि तेव्हापासून १९२३ पर्यंत त्यांची चित्रे तेथे येत राहिली. १८९८ मध्ये क्यूने त्यांना अधिकृत वनस्पतिचित्रकार म्हणून नेमले. क्यूमध्ये हे पद अधिकृतपणे मिळालेल्या त्या पहिल्याच व्यक्ती होत. १९२१ मध्ये त्या निवृत्त झाल्या.

त्यांचा जन्म मुंबईत झाला, हे खरे आहे का?

होय. मुंबईहून ठाण्याला पहिली आगगाडी धावून जेमतेम सव्वा वर्ष झाले होते, त्या काळात त्यांचा जन्म मुंबईत झाला. मात्र त्या तान्ह्या असतानाच कुटुंब इंग्लंडला परतले. त्यामुळे मुंबईच्या आठवणी किंवा सह्याद्रीतील झाडेझुडपे यांचा त्यांच्या कलेवर परिणाम झाला, असे म्हणण्याला काहीही आधार नाही, आणि केवळ जन्मस्थळाच्या जोरावर त्यांना ‘आपल्या’ चित्रकार ठरवणेही योग्य होणार नाही.

भारताशी त्यांचा खरा संबंध आला तो कामाच्या टेबलावर. त्यांना या क्षेत्रात आणणारे वनस्पतिशास्त्रज्ञ आणि क्यूचे संचालक जोसेफ डाल्टन हूकर हे १८७२ ते १८९७ या काळात सात खंडांत प्रसिद्ध झालेल्या ‘फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया’ या ग्रंथाचे कर्ते. हिमालयापासून मलबारपर्यंतचे वाळवलेले नमुने त्या कामासाठी क्यूमध्ये येत होते. पुढे पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे माजी प्राचार्य थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील आपला ग्रंथ क्यूच्याच संग्रहाच्या आधाराने सिद्ध केला आणि तो १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला. हा सगळा काळ मॅटिल्डा स्मिथ तेथे काम करत असतानाचा आहे.

हर्बेरियम म्हणजे काय, आणि तेथे चित्रकार कशासाठी लागतो?

हर्बेरियम म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचे संग्रहालय. वनस्पतीची फांदी पाने, फुले, फळे यांसह दाबून सुकवतात, जाड कागदावर चिकटवतात किंवा टाक्यांनी बसवतात आणि कोपऱ्यात चिठ्ठी लावतात. ती कोठे, केव्हा आणि कोणी गोळा केली, झाड किती उंच होते, फुलाचा ताजा रंग कोणता होता, हे त्या चिठ्ठीवर असते. क्यूच्या हर्बेरियममध्ये आज असे सुमारे ७० लाख नमुने आहेत.

हा नमुना म्हणजे पुरावा असतो. पण पुस्तकात वर्षानुवर्षे दाबून ठेवलेल्या पिंपळपानासारखी त्याची गत झालेली असते : आकार राहिलेला, पण उठाव, रंग आणि ताठपणा गेलेला. शिवाय एका देशातील नमुना दुसऱ्या देशातील प्रत्येक अभ्यासकाला हाताळायला मिळत नाही. वर्णन कितीही काटेकोर लिहिले तरी ‘पान लांबट अंडाकृती, टोक निमुळते’ हे शब्द डझनभर जातींना लागू पडतात. नेमका फरक कोठे आहे, हे चित्र दाखवते.

चित्राला विज्ञानात किती वजन होते, याचा दाखला नामकरणाच्या नियमांतच सापडतो. वनस्पतींच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार १ जानेवारी १९०८ पूर्वी प्रसिद्ध झालेले एखाद्या जातीचे नाव, सोबत लेखी वर्णन नसले तरी, वनस्पतीच्या भागांचे विश्लेषण दाखवणारे चित्र असल्यास ग्राह्य धरले जाते. अशा वेळी चित्र वर्णनाची जागा घेते. वनस्पतिचित्राला मजकुराची सजावट समजणाऱ्यांनी हा नियम एकदा तरी वाचावा, असे मला मनापासून वाटते.

छायाचित्रे आल्यावर या चित्रांची गरज संपली नाही का?

नाही. कॅमेरा एका क्षणी समोर असलेले एक झाड टिपतो. चित्रकाराला वैशाखातले फूल आणि भाद्रपदातले फळ एकाच कागदावर मांडता येते, किडीने खाल्लेले पान बाजूला ठेवून त्या जातीचे नेहमीचे पान दाखवता येते, अंडाशयाचा छेद वीसपट मोठा करून त्याच्या शेजारी संपूर्ण फांदी मूळ मापात काढता येते. सगळे सारखेच स्पष्ट ठेवून जे महत्त्वाचे तेवढेच ठळक करण्याची ही मुभा छायाचित्रात मिळत नाही, म्हणूनच नव्या जातींच्या शोधनिबंधांत आजही शाईची रेखाचित्रे दिसतात.

मॅटिल्डा स्मिथ यांना हे काम कसे मिळाले?

एका भांडणामुळे. १८३४ पासून ‘बोटॅनिकल मॅगझिन’ची चित्रे वॉल्टर हूड फिच काढत होते. ग्लासगोमध्ये कापडावरील नक्षीचे काम शिकलेल्या या तरुणाला विल्यम जॅक्सन हूकर यांनी हेरले, आणि १८४१ मध्ये हूकर क्यूचे संचालक झाले तेव्हा फिचही त्यांच्याबरोबर आले. विल्यम यांच्यानंतर त्यांचे पुत्र जोसेफ संचालक झाले, त्यांच्यासाठीही फिच काम करत राहिले. सिक्कीमच्या ऱ्होडोडेंड्रॉन या डोंगरी फुलझाडांची प्रसिद्ध चित्रे फिच यांच्याच हातची, जोसेफ हूकर यांनी हिमालयात केलेल्या कच्च्या रेखाटनांवरून सिद्ध केलेली. ४३ वर्षांच्या या सहवासाचा शेवट १८७७ मध्ये मोबदल्याच्या वादात झाला आणि फिच यांनी मासिकाचे काम सोडले.

मासिकाच्या अंकात रंगीत चित्रे नियमितपणे द्यावी लागत आणि चित्रकार तर निघून गेलेला. जोसेफ हूकर यांची कन्या हॅरिएट यांनी काही काळ ही बाजू सांभाळली. त्यांनी काढलेली चित्रे शंभराच्या आसपास आहेत. त्याच सुमारास हूकर यांनी आपल्या दूरच्या नात्यातील मॅटिल्डा यांना हाताशी धरले. त्या वेळी त्या चोवीस वर्षांच्या होत्या. सुरुवातीला त्या इतरांबरोबर काम करत होत्या. १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धात मासिकाची चित्रे जवळजवळ एकहाती त्यांच्याकडे आली.

नात्यामुळे दार उघडले, हे मान्य केले पाहिजे. विक्टोरियन इंग्लंडमध्ये स्त्रीला वैज्ञानिक संस्थेत शिरण्याचा दुसरा मार्ग जवळपास नव्हताच. क्यूच्या बागेत पहिल्या स्त्री माळी कामाला लागल्या त्या १८९६ मध्ये. पण नाते पहिल्या काही चित्रांपुरते उपयोगी पडते. पुढची पंचेचाळीस वर्षे नात्यावर निघत नाहीत.

त्यांनी चित्रकलेचे आणि वनस्पतिशास्त्राचे शिक्षण कोठे घेतले?

दोन्ही विषयांचे औपचारिक शिक्षण त्यांना फारसे मिळाले नव्हते. त्यांचे शिक्षण हूकर यांच्या हाताखाली झाले, आणि हूकर हे स्वतः रेखाटनात तरबेज होते. कोणता अवयव का महत्त्वाचा आहे आणि तो कोणत्या बाजूने दाखवायचा, हे ते पेन्सिल हाती घेऊन सांगू शकत. गुरू वनस्पतिशास्त्रज्ञ असल्याचा परिणाम मॅटिल्डा यांच्या चित्रांत स्पष्ट दिसतो. पानाच्या वळणातील डौल कधीकधी कमी पडतो, पण ओळख पटवण्यासाठी लागणारा तपशील सुटत नाही.

वाळलेल्या नमुन्यावरून जिवंत वाटणारे चित्र कसे काढतात?

मॅटिल्डा स्मिथ यांचे खरे कसब येथे होते, म्हणून या प्रश्नाचे उत्तर जरा सविस्तर देतो.

नमुन्यावरचे फूल बहुधा तपकिरी, चपटे आणि नखाएवढे असते. सुईने स्पर्श केला तरी भुगा होईल इतके ठिसूळ. हर्बेरियममधले अभ्यासक असे एखादे फूल किंवा कळी काढून घेऊन गरम पाण्यात भिजवतात. काही मिनिटांत पाकळ्या पाणी पितात, फुगतात आणि एकमेकींपासून सुटू लागतात. मग ते फूल काचेच्या पट्टीवर ओलेच ठेवून भिंगाखाली दोन सुयांनी उलगडायचे. आधी निदले, मग पाकळ्या, मग पुंकेसर. पुंकेसर किती आहेत, ते पाकळ्यांना चिकटलेले आहेत की मोकळे, परागकोश कोणत्या बाजूला फुटतो, केसरतंतूच्या बुडाशी लव आहे का, हे एकेक करून नोंदवायचे. शेवटी धारदार पात्याने अंडाशयाचा आडवा छेद घ्यायचा आणि आतले कप्पे व बीजकांची मांडणी पाहायची. प्रत्येक भाग वेगळा, किती पटीने मोठा केला ते नोंदवून काढला जातो. फुले मोजकीच असली, तर एखादे फूल उलगडताना फाटले म्हणून दुसरे घेता येत नाही. पुढच्या अभ्यासकांसाठीही काही शिल्लक ठेवावे लागते.

हे झाले सुटे भाग. संपूर्ण फांदी काढणे त्याहून अवघड, कारण दाबणीत तिची तिसरी मिती गेलेली असते. कागदावर सगळी पाने एका पातळीत पसरलेली दिसतात. झाडावर ती फांदीभोवती फिरत गेलेली असतात. देठाला पडलेला पीळ, पानाच्या बगलेतील कळीची जागा, फांदीवर राहिलेले पानगळीचे व्रण यांवरून चित्रकार मूळ मांडणी ठरवतो. चांगला संकलक एखादे पान मुद्दाम उलटे दाबतो, म्हणजे खालची बाजू, तिच्यावरील शिरा आणि लव दिसते. फूल खाली झुकलेले होते की वर तोंड करून होते, हे नमुन्यावरून कळत नाही. त्यासाठी चिठ्ठी वाचावी लागते, आणि चिठ्ठीत नसेल तर त्याच कुळातील जिवंत झाड काचगृहात जाऊन पाहावे लागते. क्यूमध्ये नमुन्यांचा संग्रह आणि जिवंत झाडे एकाच आवारात आहेत, ही तेथील चित्रकारासाठी फार मोठी सोय.

शुष्क, चपट्या, पुष्कळदा अपुऱ्या नमुन्यांत पुन्हा प्राण ओतण्याची मॅटिल्डा यांची हातोटी त्यांच्या सहकाऱ्यांनी आवर्जून वाखाणली आहे. मला ही स्तुती औपचारिक वाटत नाही. नमुन्यात जे नाही ते कल्पनेने भरून काढायचे नाही आणि जे आहे त्यातले काहीही वाया घालवायचे नाही, अशा दुहेरी शिस्तीत हे काम चालते.

चित्र पूर्ण झाल्यावर ते छापले कसे जाई?

मूळ चित्र जलरंगात असे. ते शिळाछापाच्या, म्हणजे ज्यावर रेखाटून कागदावर छाप घेतात त्या, दगडावर उतरवण्याचे काम वॉल्टर फिच यांचे पुतणे जॉन न्यूजंट फिच करत. छापून आलेल्या काळ्या रेषांच्या प्रतींवर नंतर रंगारी हाताने रंग भरत, प्रत्येक अंकाच्या प्रत्येक प्रतीवर. १७८७ मध्ये सुरू झालेल्या या मासिकात हाताने रंग भरण्याची पद्धत १९४८ पर्यंत टिकून होती. म्हणजे आज दिसणारे छापील चित्र किमान तीन हातांतून गेलेले असते, आणि त्यातील रंगाच्या चुकीचा दोष मूळ चित्रकाराला देण्यापूर्वी शक्य असल्यास मूळ चित्र पाहणे न्याय्य ठरते.

काकांनी भांडून सोडलेल्या जागी आलेल्या चित्रकाराची चित्रे पुतण्याने वर्षानुवर्षे दगडावर उतरवली, ही गोष्ट मला लक्षणीय वाटते. छापील पानाच्या तळाशी दोघांच्याही सह्या दिसतात.

त्यांनी एकूण किती चित्रे काढली?

‘बोटॅनिकल मॅगझिन’साठी २,३०० हून अधिक, आणि ‘हूकर्स आयकोनेस प्लँटॅरम’ या ग्रंथमालेसाठी १,५०० हून अधिक. मासिकासाठी वर्षाला सरासरी पन्नास, म्हणजे साधारण आठवड्याला एक रंगीत चित्र, हा वेग त्यांनी पंचेचाळीस वर्षे राखला. ‘आयकोनेस’मधली चित्रे रंगीत नाहीत आणि ती जवळपास पूर्णपणे क्यूमधल्या वाळलेल्या नमुन्यांवर आधारलेली आहेत, त्यांच्या क्षमतेचा अंदाज घ्यायचा असेल तर मासिकातल्या देखण्या ऑर्किडांपेक्षा ही रेखाचित्रे पाहावीत, असे मी सुचवेन.

याशिवाय एक काम क्वचितच सांगितले जाते. क्यूच्या ग्रंथालयातील जुन्या, दुर्मीळ ग्रंथांतून जी चित्रे गहाळ झाली होती, त्यांच्या नकला करून त्या प्रती पूर्ण करण्याचे कामही त्यांनी केले. त्यात श्रेय मिळत नाही, पण अभ्यासकाची मोठी अडचण दूर होते.

टायटन आरमच्या चित्राची एवढी चर्चा का होते?

अ‍ॅमॉर्फोफॅलस टायटॅनम, म्हणजेच टायटन आरम, ही सुमात्रा बेटावरील वनस्पती इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञ ओदोआर्दो बेक्कारी यांनी १८७८ मध्ये शोधली. लागवडीत तिला पहिल्यांदा फूल आले ते क्यूमध्ये, जून १८८९ मध्ये. आपण ज्याला फूल म्हणतो तो वास्तविक पुष्पविन्यास असतो : मधे उंच दांडा आणि त्याच्याभोवती घडीदार महाछद. तो माणसापेक्षा उंच वाढू शकतो, उमललेला राहतो जेमतेम दोन दिवस, आणि परागीभवन करणाऱ्या किड्यांना बोलावण्यासाठी सडक्या मांसासारखी दुर्गंधी सोडतो.

या वनस्पतीचे वाळलेले नमुने कागदावर बसत नाहीत आणि दुसरे फूल केव्हा येईल याचा भरवसा नसतो. तेव्हा चित्रकाराला उपलब्ध वेळ होता तो तेवढ्या दोन दिवसांचा, काचगृहातील उकाड्यात आणि त्या दुर्गंधीत. मॅटिल्डा स्मिथ यांनी ते चित्रण पार पाडले. १८९१ च्या ‘बोटॅनिकल मॅगझिन’मध्ये ७१५३ ते ७१५५ या क्रमांकांखाली ते प्रसिद्ध झाले, एका वनस्पतीला तीन क्रमांक देण्याची वेळ या मासिकावर क्वचितच आली असेल.

मराठी वाचकाला ही रचना अनोळखी नाही. पावसाच्या तोंडावर ठाणे-पालघर-रायगडच्या बाजारात येणारे शेवळे हे याच प्रजातीतले (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट, इंग्रजीत ‘जीनस’), अ‍ॅमॉर्फोफॅलस कम्युटॅटस. सुरणही याच प्रजातीतले. शेवळ्याची भाजी निवडताना बाहेरचे आवरण सोलून आतल्या दांड्याचा पिवळा भाग काढून टाकतात आणि खाज मारण्यासाठी काकडे ही आंबट फळे घालतात. ते आवरण म्हणजे महाछद, आणि दांड्याच्या खालच्या भागावर दाटीने बसलेले बारीक दाणे म्हणजे खरी फुले : बुडाशी मादीफुले, त्यांच्यावर नरफुले. ज्यांनी एकदा शेवळे नीट निवडले आहे, त्यांना मॅटिल्डा यांच्या चित्रातील विच्छेदित भाग कोणाच्याही मदतीशिवाय वाचता येतील. फरक फक्त मापाचा आहे.

न्यूझीलंडच्या वनस्पतींशी त्यांचा काय संबंध?

ऑकलंड संग्रहालयाचे प्रमुख थॉमस चीजमन यांनी क्यूचे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम बॉटिंग हेम्सली यांच्या साहाय्याने न्यूझीलंडच्या वनस्पतींचा सचित्र ग्रंथ तयार केला. १९१४ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथातील सुमारे २५० चित्रे मॅटिल्डा स्मिथ यांची आहेत. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाच्या वनस्पती, त्यांतल्या कित्येक उंच डोंगरांवरच्या आणि खुरट्या, क्यूमध्ये बसून नमुन्यांच्या आधारे त्यांनी चितारल्या. वर सांगितलेली सगळी पद्धत येथे पणाला लागली होती.

फिच यांच्या तुलनेत त्या कमी प्रतिभेच्या होत्या, हे मत बरोबर आहे का?

हे मत कलेतिहासात वारंवार मांडले गेले आहे आणि त्यात तथ्यांश आहे. फिच यांची रेषा सहज आणि वेगवान होती. ते थेट दगडावर रेखाटू शकत आणि त्यांच्या पानाफुलांच्या मांडणीत जो जोम आहे तो मॅटिल्डा यांच्या चित्रांत नाही. विशेषतः १८७८ नंतरच्या पहिल्या काही वर्षांतील त्यांची चित्रे जपून, थोडी ताठरपणे काढलेली दिसतात.

पण तुलना करताना दोन गोष्टी लक्षात घ्यायला हव्यात. पहिली म्हणजे फिच यांच्या सहजतेला मर्यादाही होती. इतक्या वेगाने काम करणारा हात सवयीने ठरलेली वळणे घेऊ लागतो आणि वेगवेगळ्या जातींच्या पानांना एकच लय येते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. हे चित्र भिंतीवर टांगण्यासाठी काढलेले नसते. शंभर वर्षांनी एखादा अभ्यासक हातात नमुना घेऊन त्या चित्राशी ताडून पाहतो, तेव्हा त्याला पुंकेसरांची संख्या, शिरांची मांडणी आणि फळाचा छेद बरोबर हवा असतो. या कसोटीवर मॅटिल्डा स्मिथ यांचे काम पक्के आहे. त्यांचे मूल्यमापन करणाऱ्यांनी बहुतेक वेळा मासिकातील रंगीत चित्रे पाहिली आणि ‘आयकोनेस’मधली दीड हजार रेखाचित्रे बाजूला ठेवली, आणि माझ्या मते हा त्यांच्यावर झालेला अन्याय आहे.

त्यांना हयातीत मानसन्मान मिळाले का?

उशिरा, पण मिळाले. १९१६ मध्ये क्यूच्या आजी-माजी कर्मचाऱ्यांच्या ‘क्यू गिल्ड’ या संघटनेच्या त्या अध्यक्ष झाल्या. या पदावर आलेल्या त्या पहिल्या स्त्री. १९२१ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटी या निसर्गविज्ञानाच्या संस्थेने त्यांना असोसिएट (सहयोगी सदस्य) म्हणून निवडले; हा मान मिळालेल्या त्या दुसऱ्या स्त्री होत्या. बागकामाच्या क्षेत्रातील व्हीच स्मृती रौप्यपदकही त्यांना देण्यात आले.

दोन वनस्पतिप्रजातींना त्यांचे नाव देण्यात आले. त्यांतील स्मिथिअँथा ही मेक्सिकोतील, घंटेच्या आकाराच्या फुलांची प्रजाती १८९१ पासून त्याच नावाने ओळखली जाते आणि बागांतून लावली जाते. दुसरी स्मिथिएला, तिचा समावेश पुढे पायलिया या प्रजातीत झाल्याने ते नाव आता वापरात नाही.

मेरिअन नॉर्थ आणि मॅटिल्डा स्मिथ यांचे काम एकाच प्रकारचे आहे का?

नाही. क्यूमध्ये १८८२ पासून मेरिअन नॉर्थ यांचे स्वतंत्र दालन आहे आणि त्यांत त्यांची आठशेहून अधिक तैलचित्रे लावलेली आहेत. भारतासह अनेक देशांत स्वखर्चाने फिरून त्यांनी झाडे त्यांच्या परिसरासह रंगवली. मॅटिल्डा यांचे काम संस्थेच्या गरजेनुसार, नमुना समोर ठेवून, शास्त्रज्ञाच्या वर्णनाला जोडून चाले. एकीचे नाव दालनावर आहे, दुसरीची आद्याक्षरे छापील पानांच्या तळाशी आहेत.

भारतीय चित्रकारांचे या परंपरेत काय स्थान आहे?

फार मोठे, आणि नोंद त्या मानाने फार थोडी. पुण्याजवळ दापोडी येथे इंग्रजांच्या काळात वनस्पती उद्यान होते. त्याचे अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन यांनी १८४७ ते १८५० च्या सुमारास एका स्थानिक चित्रकाराकडून तेथील वनस्पतींची सुमारे १७० चित्रे काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत. चित्रकाराचे नाव कोठेही नोंदलेले नाही. १८५५ मध्ये निघालेल्या हिमालयीन वनस्पतींच्या एका भव्य चित्रग्रंथासाठीही फिच यांनी भारतीय चित्रकारांची मूळ चित्रे समोर ठेवून नवी चित्रे सिद्ध केली. ग्रंथावर नाव फिच यांचे आले.

मॅटिल्डा स्मिथ यांना अधिकृत पद मिळायला वीस वर्षे लागली, हे खरेच आहे. पण त्यांची आद्याक्षरे प्रत्येक चित्राखाली राहिली आणि म्हणून त्यांचे काम आज मोजता येते. दापोडीच्या चित्रकाराच्या वाट्याला तेवढेही आले नाही. महाराष्ट्रातील कलाभ्यासकांनी या संग्रहाकडे अधिक लक्ष द्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

त्यांची चित्रे कोठे पाहता येतील?

‘कर्टिसेस बोटॅनिकल मॅगझिन’चे जुने अंक बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. १८७८ नंतरचा कोणताही खंड उघडावा आणि चित्राच्या तळाशी ‘एम. एस. डेल., जे. एन. फिच लिथ.’ अशी इंग्रजी लिपीतील बारीक अक्षरे शोधावीत. पहिली आद्याक्षरे चित्र काढणाऱ्याची, दुसरे नाव दगडावर उतरवणाऱ्याचे. सुरुवातीच्या वर्षांत इतरांचीही चित्रे मधूनमधून येतात, म्हणून अक्षरे वाचूनच खात्री करावी. टायटन आरमसाठी ७१५३ हा चित्रक्रमांक शोधणे सर्वांत सोपे.

महाराष्ट्रात राहून हे काम शिकायचे असेल तर सुरुवात कोठून करावी?

प्रथम एखादे हर्बेरियम पाहावे. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयात ब्लॅटर हर्बेरियम आहे, पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम क्षेत्रीय केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था येथे मोठे संग्रह आहेत. अशा ठिकाणी आधी पत्र किंवा ईमेल पाठवून, विषय सांगून, परवानगी घेऊन जावे. नमुने नाजूक असतात आणि ते हाताळण्याचे नियम पाळावेच लागतात.

घरी सुरुवात करायची तर मोठे फूल घ्यावे. जास्वंद चांगले, कारण त्याचे पुंकेसर एकत्र येऊन नळी बनते आणि कुक्षी तिच्या टोकातून बाहेर डोकावते. ही रचना साध्या डोळ्यांनी दिसते. फूल उभे चिरून त्याचा छेद काढावा, प्रत्येक भाग पट्टीने मोजून मगच कागदावर घ्यावा, शेजारी मापाची रेघ द्यावी. मग त्याच झाडाची फांदी वर्तमानपत्रात दाबून, कागद रोज बदलत, पूर्ण वाळू द्यावी आणि आधीचे चित्र न पाहता केवळ त्या वाळलेल्या फांदीवरून दुसरे चित्र काढावे. दोन्ही चित्रे शेजारी ठेवली की कोणती माहिती नमुन्यात टिकली आणि कोणती हरवली, ते लगेच कळते. साधे दहापट भिंग, दोन बारीक सुया, धारदार पाते, कंपास, कडक पेन्सिल आणि गुळगुळीत जाड कागद एवढे साहित्य पहिल्या वर्षासाठी पुरते. रंगांची घाई करू नये.